पहिला पाय

भाऊ कुणाच्याही गाडीत बसण्याआधी चपला काढून दाराशी ठेवायचे. गाडी चिखलाने भरलेली असो की मासळीच्या पाण्याने, हे अनवाणीच बसणार. गिऱ्हाईक हसलं की म्हणायचे, "चपलेतून गाडीचं काय कळतंय? पायाला कळायला नको?"

रत्नागिरीत नाचणे गावाच्या रस्त्याला माझं स्पेअर पार्टचं दुकान आणि शेजारी त्यांचा गाळा. गाडीच्या इंजिनाचा कॉम्प्युटर बदलायचा तर सगळे त्यांच्याकडे यायचे. दिसायला जेवणाच्या डब्याएवढा, पण किती डिझेल कधी सोडायचं हे तोच ठरवतो. नवा डबा अगदी कोरा असतो, गाडीच्या चावीलाही ओळखत नाही. भाऊ लॅपटॉप लावून त्याला सगळं पढवायचे आणि गाडी ताब्यात देताना लेक सासरी धाडल्यासारखे बोलायचे, "डबा नवा हाय. गाडी चार दिवस परक्यासारखी वागेल. तुमचा पाय ओळखेपर्यंत सांभाळून घ्या."

तुम्ही म्हणाल, गाडी पाय कसा ओळखेल? मीही म्हणालो होतो. कोण कसा अ‍ॅक्सिलरेटर दाबतो हे डबा ध्यानात ठेवतो आणि त्याप्रमाणे गाडी चालवतो, असं त्यांनी समजावलं. त्यात शास्त्र किती आणि भाऊंची श्रद्धा किती, मला आजही सांगता येणार नाही.

त्यांची एकुलती मुलगी देवरूखच्या कॉलेजात शिकवायची. रोज स्वतःच्या गाडीने जा-ये. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात गेली. बायको आधीच गेलेली. गाडी घराशेजारच्या पत्र्याखाली उभी राहिली. भाऊ रोज सकाळी ती चालू करायचे, पण बसायचे डावीकडे, मुलगी चालवत असताना बसायचे तसे. चपला डाव्या दाराशी.

"भाऊ, उभी राहून सडेल ती. चालवा की जरा," मी एकदा म्हणालो.

"मी चालवली तर माझा पाय शिकेल ती. अजून पोरीचाच हाय तिच्यात."

मी चहा सांगितला.

गेल्या पावसाळ्यात पावस गावची एक बाई बंद पडलेली गाडी ओढून घेऊन आली. सासऱ्यांना डायलिसिसला रत्नागिरीत तीच आणायची. डबा उघडला तर आत पाणी शिरून सगळं हिरवं पडलेलं. नवा मिळेना, कंपनीने ते मॉडेलच बंद केलेलं. मी पार कोल्हापूरपर्यंत फोन केले.

"मामंजी आता नको म्हणतात हो," बाई रडकुंडीला आली. "रिक्षात बसवत नाय त्यांना. परवा उतरताना पडले. मेलो तरी चालेल, पण परत जायचा नाय म्हणतात."

त्याच मॉडेलची दुसरी गाडी कुठे उभी आहे हे मला ठाऊक होतं. भाऊंना तर होतंच. मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

दुसऱ्या दिवशी भाऊ मुलीच्या गाडीतला डबा टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. बाईच्या सडक्या डब्यातून चावीची ओळख कशीबशी काढली. आता ती मुलीच्या डब्यात भरायची, पण त्याआधी त्यातलं सगळं पुसायला हवं होतं. लॅपटॉपने विचारलं, पुसू का? भाऊंनी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"तुम्ही दाबा. माझ्यानं नाय होणार."

मी दाबलं. पडद्यावर एक पट्टी सरकत सरकत पुरी झाली. तोवर भाऊ रस्त्याकडे बघत होते.

डबा बसवल्यावर भाऊंनी त्या दिवशी चपला काढल्या नाहीत. बाईला म्हणाले, "तुम्हीच बसा. पहिला पाय तुमचा लागू दे." गाडी चालू झाली. बाईने हात जोडले. भाऊ नेहमीचं बोलू लागले, "चार दिवस परक्यासारखी वागेल..." आणि थांबले.

"सांभाळून घ्या," पुढचं मी म्हणालो.

मामंजी अजून येतात डायलिसिसला, मागच्या सीटवर उशी घेऊन. भाऊंचं मात्र गाळ्यावरचं लक्ष उडालं. आज उघडायचे, उद्या नाही. शिमग्याच्या आधी झोपेतच गेले.

मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा मुलीची गाडी पत्र्याखालीच होती. डबा काढलेला, म्हणजे चालू होण्याचा प्रश्नच नव्हता. सवयीने मी डाव्या दाराशी पाहिलं. तिथे काही नव्हतं. वळसा घालून पलीकडे गेलो. उजव्या दाराशी, मुलगी चालवायला बसायची त्या बाजूला, भाऊंच्या चपला काढून ठेवलेल्या होत्या.