चिखलदऱ्याचं अस्वल

हसायचंच असेल तर आधी चहा संपवा, नंतर ठसका लागला तर मला बोल लावू नका. कारण अस्वल मागे लागणं म्हणजे काय, हे मी भोगलंय.

आणीबाणी उठली, त्या सालची दिवाळी. लग्न नवं होतं. मी, बायको सुमन आणि तिचा भाऊ वसंता, तिघं नागपुराहून मागून आणलेल्या जीपने चिखलदऱ्याला गेलो. वर तलावाकाठी, जंगलाला लागूनच तंबू ठोकला. आता दिवाळीत आमच्याकडे पंखे फिरतात, स्वेटर कोण नेतो? संध्याकाळी माझे दात वाजताना पाहून तिथल्या चौकीदाराने आपली काळी, केसाळ घोंगडी दिली. आणि जाता जाता म्हणाला, सकाळी अस्वल पाण्यावर येते, जपून राहा.

झोप कसली लागते हो मग?

उजाडलं तेव्हा बाहेर नुसतं धुकं. घोंगडी डोक्यावरून ओढून मी तोंड धुवायला गेलो. काठ निसरडा, म्हणून चक्क हातापायांवर उतरलो. बर्फासारखं पाणी तोंडावर मारलं आणि पोटातून असा काही हुंकार निघाला की विचारू नका.

तेवढ्यात वरून वसंता ओरडला, "ताई, अस्वल!"

मी मागे वळून पाहिलं? छे. तसाच वर धावत सुटलो. पुढे ती दोघं पळत होती. मागे बघायची, किंचाळायची आणि आणखी जोरात पळायची. म्हणजे अस्वल अगदी माझ्या पाठीशी! मानेवर त्याचा श्वास लागत होता, शपथेवर सांगतो. दोनदा पडलो, तसाच रांगत सुटलो.

"सुमन, थांब वं! मले सोडून नको जाऊ!"

थांबते कशाची! दोघं जीपमध्ये शिरली. मी बॉनेटवर थापा मारतोय, रडकुंडीला आलोय, आणि आतून बायकोने फेकलेला तवा माझ्या खांद्यात बसला. घोंगडी गळून पडली. खाली मी, बनियनवर.

मग वसंताने हळूच विचारलं, "भाऊजी?"

खांदा चोळत मी बायकोवर उखडलो. "काहून वं, नवऱ्याचा आवाज नाही वळखता आला तुले?"

ती डोळे पुसत म्हणाली, "वळखला होता जी. मले वाटलं, त्याच्या पोटातून येऊन राहिला."