आपट्याचा पत्ता

झाडपाल्याच्या लोकांकडे सांगण्यासारखं काय असणार, असं सगळ्यांना वाटतं. आमच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या हर्बेरियममध्ये या एकदा! वाळवून कागदावर चिकटवलेल्या पानांखाली इतके किस्से दबलेत, की कपाटाचं दार लागत नाही.

यंदा आपट्याच्या एका फाइलनेच माझी झोप उडवली. नागपूरहून तपासायला मॅडम यायच्या होत्या. प्रत्येक शीटवर नाव, ठिकाण, तारीख, तोडणारा आणि ते झाड तिथे किती आढळतं, हे सगळं हवं. एक रकाना रिकामा दिसला की शीट थेट रद्दीत! मॅडम सोमवारी येणार आणि मी शुक्रवारपासूनच खोलीत येरझारा घालतोय.

*

पहिल्याच शीटवर ठिकाण होतं, ‘जाम चौक, चहाच्या टपरीमागे’. मला राहवेना. शनिवारी गाडी काढली, टपरी गाठली. मागे नुसत्या बाभळी!

"इथला आपटा कुठे गेला हो?" मी वैतागून विचारलं.

टपरीवाला चहा गाळता गाळता म्हणाला, "झाड जेथं होतं तेथंच हाय सर. रोड मोठा झाला तं मीच हललो. तीन डाव!"

*

परत आलो तर पोरांच्या शीट्स समोर. मागच्या बॅचने केळझर, सेलू, हिंगणघाट, सगळीकडचा आपटा आणला होता. पोरं किती फिरली म्हणून मी वर्गात कौतुकही केलं होतं. त्याच आठवड्यात कॉलेजजवळच्या सिंदी मेघेच्या एक काकू तावातावाने डिपार्टमेंटमध्ये आल्या होत्या.

"सर, या पोराइले एकडावचं पास करून टाका ना! माया अंगणातलं झाड पार बोडकं केलं!"

ती सगळी गावं खोडून सिंदी मेघे लिहायचं राहिलंच होतं. शनिवारची रात्र त्यात गेली.

*

आमचे लॅब अटेंडंट महादेवराव मात्र निवांत. जन्म पानं चिकटवण्यात गेलेला माणूस.

एका दसऱ्याला आमचे क्लार्क सोनं आणायला विसरले. त्यांनी गुपचूप आमच्याकडची वाळलेली आपट्याची पानं उचलली आणि प्राचार्यांच्या हातावर ठेवली. प्राचार्यांनी वास घेतला. "सोन्याला डांबराच्या गोळ्यांचा वास कसा काय?"

क्लार्क घामाघूम! महादेवराव शांतपणे म्हणाले, "पेटीतलं हाय साहेब. जुनं सोनं!"

*

सोमवारी मॅडम आल्या. भराभर शीट्स उलटत होत्या, मी मागे उभा राहून नखं खात होतो. शेवटच्या शीटवर एकच जुनं पान. तारीख दसऱ्याची, तोडणाऱ्याच्या जागी महादेवरावांचं नाव. ठिकाण रिकामं आणि किती आढळतं तेही रिकामं. माझ्या नजरेतून ही कशी सुटली?

"ही बाद," मॅडम म्हणाल्या.

महादेवरावांनी पटकन शीटवर हात ठेवला.

"थांबा मॅडम. ठिकाण सांगतो. लिहा, बापाचा हात."

"म्हणजे?"

"बांधाच्या भांडणावरून आमचं दोघाइचं बारा वर्सं बोलणं नोतं. त्या दसऱ्याले बुढा सोताहून घरी आला. माया हातात हे पान देल्लं न् गेला. दिवाईच्या आंदीच वारला."

पंखा घरघरत होता, शीटचा कोपरा उडत होता.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग ठिकाणाच्या रकान्यात महादेवरावांनी सांगितलं तसंच लिहिलं आणि पेन शेवटच्या रकान्यावर नेलं. आपटा किती आढळतो? आमच्या बाकी सगळ्या शीट्सवर तिथे ‘भरपूर’ आहे.

मॅडमनी लिहिलं, ‘एकदाच’.