ओल्यात चिकटणारा ग्लू

मी फार बोलत नाही. त्यामुळे मी तिथे बसले आहे हे लोक विसरतात आणि माझ्यासमोर बिनधास्त बोलतात. शाळा सुटल्यावर आई घ्यायला येईपर्यंत मी मीनलमावशीच्या लॅबमध्ये बसते. तिथले किस्से असेच साठत गेले.

समुद्रातले शिंपले ओल्या खडकाला घट्ट धरून बसतात. तसा ग्लू मावशी बनवते, ओल्या जखमा जोडण्यासाठी. तो टिकला नाही तर तिची पीएचडी अडणार होती. तिच्या मार्गदर्शक सरांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती.

*

लॅबमधली भांडी रमणभाई धुतात. मावशीचं रसायन हवा लागली की काळं पडतं आणि काचेला धरून बसतं. एक बीकर त्यांनी तीन दिवस घासला.

“बेन, आ तो जतुं ज नथी.”

मावशी खूश. “जात नाही ना? छान.”

“छान आहे तर घासायला कशाला देता?”

*

चाचणीला बकऱ्याचं कातडं लागतं. मावशीच्या घरी अंडंसुद्धा येत नाही. खाटकाच्या दुकानात ती माझा हात घट्ट धरून म्हणाली, “अर्धा मीटर द्या.”

त्याने सुरी खाली ठेवली. “मॅडम, ब्लाउज सिलवाना है क्या?”

*

नवरात्रात मावशीच्या शेजारीण हंसाबेन तुटलेली चप्पल घेऊन आल्या. मावशीने भिडेखातर चिकटवून दिली. गरब्याच्या दुसऱ्याच फेरीत पट्टा सुटला.

“वाळला की सुटतो तो. ओला ठेवायला हवा होता,” मावशी म्हणाली.

“मग काय बादलीत गरबा खेळू?”

*

एकदा सरांनी मलाच विचारलं, “रोज बसतेस, काय कळलं?”

मी वहीकडे बघत म्हणाले, “शिंपल्याला खडक पुसून कोण देणार?”

सर मावशीकडे वळले. म्हणाले, “प्रबंधाची सुरुवात या वाक्याने कर.”

“तीन वर्षं मी घासते आहे, आणि वाक्य हिचं!”

*

दिवाळीच्या आधीचा शनिवार. पाण्याखाली जोडलेल्या कातड्याच्या दोन पट्ट्या मावशीने ताण मोजणाऱ्या मशीनच्या चिमट्यांत अडकवल्या. मशीन ओढू लागलं. आकडा चढत गेला, आणि टर्रकन आवाज झाला.

मावशीने खिडकीकडे तोंड फिरवलं. “सर, पुन्हा करते. थोडी मुदत वाढवून द्या.”

सरांनी तुकडे काढले, चष्मा लावला, उलटसुलट करून पाहिले. कातडं जोडाच्या बरंच वर फाटलं होतं. त्यांनी जोडाचा तुकडा मावशीच्या हातावर ठेवला.

“मुदत कशाला? आधी हा सोडवून दाखव.”