जूनपुढच्या दोन काड्या

तळवलीच्या हिरामणची जमीन कारखान्यात गेली आणि बदल्यात त्याच कारखान्याच्या गोदामात त्याला नोकरी मिळाली. चौथी शिकलेला, म्हणून वही त्याच्याकडे. रसायनाचं पिंप आलं की पिंपावर आणि वहीत तारीख घालायची.

१९७८ साली कर्णिक साहेब गोदामावर आले. त्यांनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, महिना रोमन आकड्यात लिहायचा.

"तो कसा असतो, साहेब?" हिरामणने विचारलं.

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "बारा महिने, बारा आकडे. डोळे आहेत ना?"

त्या घड्याळात खालचे आकडे उलटे छापलेले. हिरामणने सहा दिसला तसा उतरवला. साहेबांनी ते पान सगळ्यांपुढे नाचवलं. "तळवलीच्या पंचांगातला जून बघा!" सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने हसला दत्तू, हिरामणचा शेजारी. पान फाडून साहेबांनी कपाटात जपून ठेवलं.

हिरामण रविवारी गावच्या मास्तरांकडे जाऊन बसू लागला. महिन्याभरात त्याचे आकडे छापल्यासारखे आले. घरी तो जमिनीवर कोळशाने काढून बायकोला दाखवायचा. "निस्त्या काड्या न् फुल्या," गोजरा म्हणायची. तरी तो खूश असायचा.

१९८१च्या ऑक्टोबरात एक पिंप तसंच पडून होतं. जूनमध्ये आलेलं, तीन महिन्यांत वापरायचं. हिरामणने दत्तूच्या देखत सांगितलं, "साहेब, मुदत टळली हाय."

"माल फेकून देऊ? उघडा ते."

दत्तूने झाकण सैल केलं आणि पिंप फुटलं. त्याचे दोन्ही डोळे गेले.

पिंपाबरोबर त्यावरची तारीखही गेली होती, म्हणून चौकशीत वही उघडली. हिरामणच्या VI पुढे दोन काड्या वाढल्या होत्या. जूनचा ऑगस्ट झाला होता.

"वहीवर विसंबलो, हीच माझी चूक," कर्णिक म्हणाले.

"ह्या दोन काड्या माज्या नाय. शाई बघा, साहेब!"

कर्णिकांनी कपाटातलं पान पुढे सरकवलं. उलटा सहा बघून चौकशीवाल्यांपैकी एकाला हसू आवरलं नाही. मुदत टळल्याचं हिरामणने सांगितलेलं दत्तूने ऐकलं होतं का, हे विचारायला त्याच्या घरी माणूस गेला. दत्तूने जबाब दिला, काहीच ऐकलं नाही. हिरामणची नोकरी गेली. त्याच आठवड्यात दत्तूची बायको, गिरजाबाई, कारखान्याच्या कँटीनमध्ये लागली.

हिरामण दत्तूच्या ओटीवर जाऊन उभा राहिला. "तू आयकला व्हतास ना?"

दत्तूने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. मग म्हणाला, "डोलं गेलं माजं, हिरामन. पोटाला कोन घालल? तू?"

गिरजाबाईने आतून येऊन दार लावून घेतलं.

पुढे हिरामण रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेला. पहिल्या पगाराला मुकादमाने विचारलं, "सही येते का रे?"

"नाय," तो म्हणाला आणि त्याने अंगठा पुढे केला.