बाबांची होडी आणि माझा एसीचा कोर्स

मंडळी, एक विचारायचंय.

एसी आणि शीतगृह दुरुस्तीच्या कोर्ससाठी कर्ज काढायला आज बाबांसोबत मालवणला बँकेत गेले होते. तारण होती बाबांची मासेमारीची होडी. सहीआधी बाहेर येऊन मी तोच कोर्स केलेल्या मैत्रिणीला फोन लावला.

"नोकरी मिळाक वर्ष गेला गो," ती म्हणाली. "आता निम्मो पगार हप्त्यात जाता."

आत गेले तर बाबांनी पेन उचललेलं. "बाबा, नको!" मी जवळजवळ ओरडलेच.

"होडी माझी आसा. तू कित्याक घाबरतंस?"

"ती गेली तर घर कसा चालतला?"

बाबांनी पेन ठेवलं. आधी इथल्याच एसी मेकॅनिककडे काम शिकेन म्हणतेय. पण घरी येताच बाबा सरळ होडीकडे निघून गेले.

तुम्ही सही होऊ दिली असती?