कागदावर मी अठरा

माझं वय नेमकं किती, हे मला आजही एका दमात सांगता येत नाही.

आमचं गाव आदिलाबादकडच्या तलमडुगूच्या बाजूचं, तेव्हाच्या आंध्रातलं. घरी कापूस-ज्वारीची शेती, खाऊनपिऊन सुखी. पण पोरांच्या जन्मतारखा टिपून ठेवायची अक्कल कुणाला नव्हती. शाळेत नाव घालताना गुरुजी म्हणायचे, हात डोक्यावरून ने आणि पलीकडचा कान धर. कान हाती आला की पोर शाळेजोगं झालं. मला पाच वर्षं पोळ्याला पूर्ण व्हायची होती. हात काही पुरेना. पण माझी मैत्रीण त्याच दिवशी शाळेत बसणार होती, म्हणून मी मान वाकडी केली आणि कान नुसता धरला नाही, चांगला पिरगाळला. गुरुजी खूश झाले आणि त्यांनी वयापुढे सात लिहून टाकलं. बाबांनीही मान डोलावली.

मैत्रीण माझ्याहून पाच महिन्यांनी मोठी. तिचे आजोबा आमच्याच शेतात राबलेले, पण वडील शिकून शेजारच्या गावी मास्तर झालेले, राहायला मात्र आमच्याच गावात. त्यांनी तिला कान धरायला लावला नाही. स्वतःच तारीख सांगितली, तीही जराशी पुढची, म्हणजे नोकरीच्या वेळी पोरीच्या हाताशी चार महिने जास्त राहतील. आमच्या घरात पोरीची नोकरी हा विषयच नव्हता, तर तिच्या वयोमर्यादेची काळजी कोण करणार?

आठवीत तेलुगूच्या पेपरात दोघीही आपटलो, आणि नव्वद साल जवळ आलं तेव्हा दोघी एकदमच दहावी पास झालो. कागदावर ती सोळाला टेकलेली, मी अठराची. तिच्या घरी आदिलाबादच्या कॉलेजचा फॉर्म आला. माझ्या घरी मुलाकडचे पाहुणे आले. मलाही कॉलेजात जायचं होतं, फार जायचं होतं. मायला तसं म्हटलं तर म्हणाली, "आता लहान हायेस काय तू?" आणि तीच माय दुपारी शेजारणीला सांगत होती, "पोळ्याले सोळा भरतीन इले." मी कुणाचं खरं मानावं? आरशात पाहिलं, तरी काही कळेना.

मैत्रिणीनं वडिलांना गळ घातली असणार. एका संध्याकाळी ते आमच्या ओसरीवर येऊन बसले.

"दादा, पोरीले अठरा तं भरू द्या," ते बाबांना म्हणाले. "कायदा हाये तसा. तवरिक शिकू द्या."

बाबा आत गेले आणि ट्रंकेतून माझा शाळेचा दाखला घेऊन आले. "वाचा मास्तर. हे काई मी लिवलं नाई, शाळेनंच लिवलं. मंग तुमी काऊन अडवून राह्यले?"

मास्तरांनी कागद दोनदा वाचला. मग माझ्याकडे वळले. "बाई, तूच सांग. खरं वय किती तुयं?"

तोवर मला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते नेमकं हे! मी पार गोंधळले. सोळा म्हटलं तर दाखला खोटा ठरेल. दाखला खोटा ठरला तर दहावी रद्द होईल, आणि मग कॉलेज कसलं? उभ्या उभ्या एवढा विचार केला आणि म्हणाले, "अठरा."

मास्तर उठले. चहा तसाच राहिला. मला वाटलं, आपण दहावी वाचवली.

दोन दिवसांनी सुपारी फुटली तेव्हा आपण काय बोलून बसलो ते ध्यानात आलं. मला माझा राग येतो, बाबांचाही येतो. आणि ज्यांच्यावर रागवायचं काही कारण नाही त्या मास्तरांचाही येतो, की त्यांनी पुन्हा एकदा का नाही विचारलं.

लग्न ज्येष्ठात उरकलं. दुपारी मांडवात लेकरांची पंगत आधी बसवली. मैत्रीण माझ्याजवळ उभी होती, कॉलेजात कोणते विषय घेणार ते सांगत होती. तेवढ्यात माझ्या मावशीनं तिचा दंड धरला. "लेकरू भुकेजलं असन, बस माय तू अगोदर," म्हणत तिला त्या पंगतीत नेऊन बसवलं. ती खाली मान घालून बुंदी खाऊ लागली. मी डोक्याला बाशिंग बांधून पाटावर बसले होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं, मलाही सपाटून भूक लागली होती, आणि मला कुणी जेवायला बस म्हणत नव्हतं.