पाठीमागून हाक

अख्ख्या पनवेलला पाठीकडून ओळखणारा माणूस जगात एकच, आणि तो म्हणजे आमचे सर. पाठीकडून म्हणजे अगदी पाठीकडूनच. समोरून आलेला सख्खा चुलतभाऊसुद्धा त्यांना ओळखू येत नसे. एकदा तो एसटी स्टँडवर त्यांच्यापुढे उभा राहून चांगला तोंडभर हसला, तर सर म्हणाले, "नमस्कार. आपण?" भाऊ रागावून पाठ फिरवून निघाला, तेव्हा कुठे सरांचा चेहरा उजळला. "अरे दादा, तू होय! उजवा गुडघा कधीपासून धरलाय?" दादा थांबला नाही. गुडघा धरलेला होता ही गोष्ट मात्र खरी निघाली.

सर मणक्याचे डॉक्टर. ऑपरेशनं करत, पण जीव सगळा संशोधनात. मणका, त्यातून निघणाऱ्या नसा आणि त्या नसांच्या भरवशावर चालणारे हातपाय, यापलीकडे जगात बघण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. मी त्यांच्या हाताखाली कामाला होते. पेशंटची मापं घ्यायची, कोण किती वाकतो, कुठे कळ येते, ते संगणकात भरायचं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आई उरणकडच्या आमच्या कोळीवाड्यातून टेम्पोने येऊन पनवेलच्या मासळी बाजारात म्हावरं विकते आणि मी बी.एस्सी. झाले. हे मी कुठेही सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते.

सरांकडे प्लास्टिकचा एक मणका होता, माकडहाडापासून मानेपर्यंत पुरा. तो ते बायकोपेक्षा जास्त जपत, हे मी नाही, मॅडमच सांगत. एकदा गाडी बिघडली म्हणून सर तो कापडी पिशवीत घालून शेअर रिक्षाने कामोठ्याला निघाले. पिशवीचं तोंड उघडं राहिलं. शेजारच्या काकूंनी कोथिंबीर वगैरे असेल म्हणून आत डोकावलं आणि चालत्या रिक्षातून उतरायलाच निघाल्या. रिक्षावाल्याने विचारलं, "साहेब, हे कोनाचं?" सर शांतपणे म्हणाले, "कुणाचंही असू शकतं." पुढचा प्रवास त्यांनी पायी केला.

खांदा कॉलनीतल्या त्यांच्या घरात सोफा नव्हता. मऊ सोफ्याने कंबर बिघडते म्हणून लाकडी स्टुलं. पाहुणे येत, चहा पीत आणि फार वेळ बसत नसत. मॅडमना ही सोय आवडे. फक्त चहा गोड झालाय अशी तक्रार कुणी केली की सर म्हणत, "एका कपावरून काही सिद्ध होत नाही." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. एखादा पेशंट बरा होऊन पाया पडायला आला तरी हेच, "एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही." तो बिचारा पेढ्यांचा बॉक्स घेऊन आलेला असे. बॉक्स मात्र सर ठेवून घेत.

या संशोधनापायी मी त्यांना एकदा आमच्या कोळीवाड्यात नेलं. डोक्यावर पाटी वाहणाऱ्या बायकांच्या मणक्यावर काय ताण येतो हे त्यांना बघायचं होतं. मी मोठ्या तोऱ्यात आधीच सगळीकडे सांगून ठेवलं, "आमचे मोठे डॉक्टर येनार हायेत." व्हायचं तेच झालं. आई तेवढी धंदा सोडून आली नाही, बाकी सगळ्या बायका लग्नाला निघाल्यासारख्या नव्या लुगड्यात, अंगभर सोनं घालून, केसांत वेणी माळून हजर. पाट्या आणल्या त्या धुऊन पुसून, रिकाम्या. आणि उभ्या राहिल्या त्या अशा ताठ, की झेंडावंदनाला शाळेची पोरंही राहत नाहीत. दुखतं का विचारलं, तर प्रत्येकीचं उत्तर एकच, "मना काय नाय, हिची बगा." हिला विचारलं की ती पुढचीकडे बोट दाखवी. आता सुना दारात उभ्या असताना कोणती सासू कंबर दुखते म्हणून कबूल करेल? दिवसाच्या शेवटी आमच्या संशोधनाने असं दाखवलं, की कोळणीला कसलंही दुखणं नसतं.

परत येताना सर गाडीत म्हणाले, "कुणी बघतंय हे कळलं, की माणूस खोटा उभा राहतो. यापुढे न सांगता बघायचं. मागून."

आणि तिथून त्यांचं ते हाका मारणं सुरू झालं. रस्त्यात कुणाची चाल बिघडलेली दिसली की सर मागे मागे जात आणि मध्येच मोठ्याने हाक मारत. कारण निरोगी माणूस हाकेला नुसती मान वळवतो, आणि ज्याच्या मणक्यात गडबड आहे तो पायापासून सगळाच वळतो. शास्त्र बिनचूक होतं. पण कामाला निघालेल्याला पाठीमागून हाक मारू नये, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. परीक्षेला निघालेली मुलं, मुलगी बघायला निघालेली मंडळी, नवी स्कूटर आणायला निघालेला माणूस, सरांनी कुणालाही सोडलं नाही. मुलगी बघायला निघालेल्यांपैकी नवरदेवाचे वडील तर भांडायलाच आले. सर त्यांना म्हणाले, "स्थळाचं माहीत नाही, पण मानेचा एक्स-रे काढून घ्या."

एका सकाळी सर कामावर आले तेच खुशीत. "काल मासळी बाजारात एका बाईला हाक मारली. काय शिव्या दिल्या! मेल्या, धंद्याच्या टायमाला पाठून कोकलतो, तुज्या तोंडात खेकडा जावो, असं म्हणाली. शब्दांवर काय पकड आहे!"

मी खाली मान घालून मापाची पट्टी पुसत राहिले. खेकडा तोंडात घालण्याची शिवी सबंध बाजारात एकच बाई देते.

"पण डावा पाय उचलत नाही," सर म्हणाले. आता ते हसत नव्हते. "पंजा खाली पडतो. चप्पल सुटून मागे राहिली, तिला पत्ता नाही."

आई महिनाभर बाजारात सगळ्यांशी भांडत होती, की कोणतरी मेला माझी एकच चप्पल चोरतो. मी बी.एस्सी., मणक्याच्या डॉक्टरकडे कामाला, आणि मीही त्या चोराला शिव्या देत होते.

"सर," मी म्हटलं, "ती माझी आई."

तपासणीत निघालं ते सरांना वाटलं होतं तसंच. कंबरेतली गादी सरकून नस दाबली गेली होती. ती लवकर मोकळी केली तर पाय परत येण्याची आशा, उशीर केला तर पंजा कायमचा लुळा. आणि पाय गेला तर टेम्पोत चढणं गेलं, बाजार गेला. बाजाराशिवाय माझी आई म्हणजे कोण, हे मला आजही सांगता येणार नाही.

आई ऑपरेशनला साफ नाही म्हणाली. मणक्याला हात लावला की माणूस खाटेवरून उठत नाही, हे तिला वाड्यातल्या सगळ्यांनी मिळून शिकवलेलं. शेवटी सर स्वतः आमच्या घरी आले. आईने शिव्या विसरून पापलेट तळलं. सरांनी ते अशा नजाकतीने खाल्लं, की ताटात अख्खा काटा डोक्यापासून शेपटीपर्यंत शाबूत. मग तो बोटावर धरून त्यांनी समजवायला सुरुवात केली, इथे मणका, इथून नस.

"जेवताना मुडदा फाडू नका, डॉक्टर," आई म्हणाली. "मी जलमभर मासं कापते. कापलेला मासा परत पोवत नाय."

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी काटा परत ताटात ठेवला. "खरंय. मी छातीठोक सांगू शकत नाही. पण नाही केलं तर काय होईल ते सांगू शकतो. मी तुमच्या मागून चाललोय, मावशी. मी पाहिलंय."

आईने पदराने हात पुसले. चप्पल कुणी चोरत नाही, हे बहुतेक तिला तेव्हाच पटलं असावं. "करते. पन एक अट. आत नेताना मागून कोनी हाक मारायची नाय. तुमी तर नायच नाय."

ऑपरेशनच्या सकाळी ट्रॉली निघाली तेव्हा सर तिच्या मागे उभेच राहिले नाहीत. तोंड आईकडे करून ते पुढे पुढे, उलटे चालत गेले. वाटेत पाण्याच्या पिंपाला धडकले, एका नर्सच्या पायावर पाय दिला. आई पडल्या पडल्या हसत होती. "बगा, बगा, डॉक्टरला पाठ फिरवाया भ्या वाटतं!" दार बंद झालं, तेव्हा तिचं हसू बाहेर ऐकू येत होतं.

पाय एकदम आला नाही. आधी अंगठा हलला, मग बोटं, मग काही महिन्यांनी पंजा. एका तपासणीनंतर आई काठीशिवाय दाराकडे निघाली. सर खुर्चीच्या टोकावर. ती वळते कशी हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं, पण तिची अट अजून लागू आहे असं धरून बिचारे ओठ दाबून बसले होते. आई दारात पोचली आणि थांबली. पाठमोरीच म्हणाली, "मारा आता."

"अहो मावशी!" सर एवढ्या मोठ्याने ओरडले, की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले.

आईने फक्त मान वळवली. चप्पल पायात होती.

"एका पेशंटवरून..." सरांनी सुरुवात केली, पण ते वाक्य त्या दिवशी पुरं झालं नाही. त्यांना एकाएकी चष्मा पुसायचा होता.

यंदा सर कामातून निवृत्त झाले. मुलीकडे नागपूरला कायमचे जाणार, म्हणून निरोप घ्यायला बाजारात आले. आई टोपलीमागे बसलेली, मी शेजारी उभी. त्यांनी आईला समोरून ओळखलं, हेच मला नवल वाटलं. बोलणं झालं, सर निघाले आणि आईने बांधून दिलेली सुक्या बोंबलांची पिशवी ओट्यावरच विसरले. माझ्या आईने आयुष्यात कुणाला पाठून हाक मारली नव्हती. तिने पिशवीकडे पाहिलं, त्यांच्या पाठीकडे पाहिलं.

"ओ डॉक्टर!"

सर वळले. मान वळली नाही. खाडीत भरलेली होडी वळावी तसे, पायापासून, हळूहळू, सगळेच वळले.

आम्ही दोघींनी पाहिलं. पाहिलं हे त्यांनाही कळलं. इतकी वर्षं ते सगळ्यांच्या मागून चालत होते. त्यांच्या मागून चालायला कोण होतं?

"दिसलं वाटतं," ते ओशाळं हसत म्हणाले.

"काय नाय दिसलं," आई म्हणाली. उठून, ओट्याला वळसा घालून, ती आपल्या पायांनी चालत त्यांच्यापर्यंत गेली आणि पिशवी हातात दिली. "मागून हाक मारली तर जरा बसून जावं लागतं, डॉक्टर. बसा."

आणि नागपूरला निघालेले सर, मासळी बाजारात, उलट्या टोपलीवर, अगदी ताठ बसले.